मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याचा टीबी आणि माझं ऑपरेशन

तपासणीच्या टेबलावर झोपवून त्या तरुण डॉक्टरने माझे हात, पाय, गुडघे सगळं पाहिलं आणि म्हणाला, "उठा आता." मी उठले. तो हातातला कागद खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"पुन्हा एकदा झोपा बरं. आणि पुन्हा उठा."

मी तसं केलं.

"ताई, झोपताना आणि उठताना तुम्ही दोन्ही हातांनी डोकं धरताय. हे कधीपासून?"

मला उत्तर देता येईना, कारण मी डोकं धरते हे मलाच माहीत नव्हतं. शेजारी उभा असलेला नवरा म्हणाला, "दीड महिना तरी झाला असेल." उजवा तळवा डोक्याच्या मागे, डावा हनुवटीखाली. काठोकाठ भरलेलं भांडं उचलावं तसं मी माझं डोकं उशीवरून उचलत होते आणि उशीवर ठेवत होते. डॉक्टरने पुढे काही न विचारता सिस्टरांना हाक मारली आणि आधी माझ्या गळ्यात कडक कॉलर बांधली. एक्स-रे, रक्त, एमआरआय हे सगळं त्यानंतर. या लक्षणाला रस्टचं लक्षण म्हणतात, असं मला पुढे कळलं. मानेच्या सगळ्यात वरच्या सांध्यांत संसर्ग होऊन ते सैल पडायला लागले की माणूस नकळत स्वतःच्याच हातांचा टेकू डोक्याला द्यायला लागतो.

त्याआधीचे अडीच महिने मी दुखणं अंगावर काढत घरी बसले नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मी उपचार घेत होते.

सुरुवात साध्या मानदुखीने झाली. डोकं आणि मान जिथे मिळतात तिथे उजव्या बाजूला, कानाच्या मागे, खोलवर ठणका. मानेचा एक्स-रे काढला. "मणक्यांची थोडी झीज आहे, या वयात असतेच," असं सांगण्यात आलं. माझं वय तेव्हा ४४. गोळ्या झाल्या, शेक झाला, उशी बदलून झाली. मग मानेचे व्यायाम सुरू झाले. मान डावीकडे, उजवीकडे, मग गोल. व्यायामानंतर दुखणं वाढायचं आणि मला सांगितलं जायचं की सुरुवातीला असं होतंच, नेटाने करा. मी नेटाने केले. आज त्या व्यायामांची आठवण आली तरी पोटात गोळा येतो.

दरम्यान गिळताना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायला लागलं. त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घशाचा संसर्ग म्हणून दहा दिवस लिव्होफ्लॉक्सासिन दिलं, आणि बरं वाटलं की! संध्याकाळची कणकण गेली, गिळणं सुधारलं. तीन आठवड्यांनी सगळं परत आलं, आधीपेक्षा जोरात. हे औषध टीबीच्या जंतूंवरही काम करतं. एकटंच आणि थोडे दिवस घेतलं तर जंतू दबतात पण मरत नाहीत, आणि निदान मात्र मागे पडतं. पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी माझ्या जुन्या चिठ्ठ्या चाळताना या नावावर बोट ठेवलं आणि तारीख लिहून घेतली.

मला त्या आधीच्या डॉक्टरांचा राग आला होता. अजूनही थोडा आहे. मानेच्या वरच्या टोकाचा टीबी दुर्मीळ असतो हे मला मान्य आहे. मणक्याच्या टीबीच्या शंभर रुग्णांत एखाद्यालाच तो इतक्या वर होतो. पण माझं दुखणं रात्री वाढत होतं, झोपून राहिलं तरी थांबत नव्हतं, कूस बदलताना मला जाग येत होती. संध्याकाळी बारीक ताप होता. वजन सहा किलो उतरलं होतं. या गोष्टी मी वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळ्या लोकांना सांगितल्या. एकाच खोलीत बसून त्या एकापुढे एक कुणी मांडल्या नाहीत.

त्या तरुण डॉक्टरने त्या मांडल्या. मग माझ्या मधल्या बोटाचं नख टिचकी मारल्यासारखं खाली दाबून सोडलं, आणि माझा अंगठा आपोआप आत वळला. मी वळवला नव्हता. दुसऱ्या हातालाही तेच झालं. याचा अर्थ मज्जारज्जूवर दाब येतोय. मग मला एकेक आठवायला लागलं. ब्लाउजचे हुक लावायला वेळ लागत होता. सही वेगळी येत होती. मान खाली घातली की पाठीतून पायांपर्यंत विजेचा झटका उतरत होता, आणि तो मी "शीर चढली" म्हणून सोडून देत होते.

एमआरआय झाला, सीटी स्कॅन झाला. सर्जननी आम्हा दोघांना पडद्यासमोर बसवलं आणि जवळजवळ पाऊण तास समजावलं. त्या पाऊण तासाचं ऋण मी विसरणार नाही, कारण पुढचं सगळं मी त्याच्या बळावर सोसलं.

मानेचा पहिला मणका म्हणजे नुसती एक कडी. इतर मणक्यांना पुढे भरीव ठोकळ्यासारखा भाग असतो, तो याला नसतोच. दुसऱ्या मणक्यातून एक खुंटी वर येते आणि कडीच्या पुढच्या भागाला आतून टेकते. ती तिथून हलू नये म्हणून मागून एक आडवा पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या लगेच मागे मज्जारज्जू, तोही जिथे मेंदूला मिळतो त्या जागी. हातापायांचे आणि श्वासाचे सगळे निरोप तिथूनच जातात. आपण होकार देताना डोकं पुढे-मागे हलवतो ती हालचाल मोठ्या प्रमाणात कवटी आणि पहिल्या मणक्यातल्या सांध्यात होते. नकार देताना वळवतो ती पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यात. मान वळवण्याची साधारण निम्मी क्षमता एकट्या या खालच्या जोडीत असते.

माझ्या कडीचा उजव्या बाजूचा जाड भाग, ज्यावर कवटी टेकते, तो जवळजवळ खाल्ला गेला होता. खुंटीचं टोक कुरतडलेलं. पट्टा सैल. मोठ्या माणसात कडी आणि खुंटी यांच्यातलं अंतर ३ मिलिमीटरच्या आत असतं, माझं ८ होतं. आणि घशाच्या मागच्या भिंतीआड, मणक्यांच्या पुढे, पुवाचं एक लांबट गळू. गिळताना अडकत होतं ते हेच.

मी म्हटलं, "डॉक्टर, मी महिनाभर मान गोल फिरवत होते."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आता कॉलर काढायची नाही. आंघोळीलाही नाही. कूस बदलायची तर माणसं बोलवायची, एकजण डोकं धरेल आणि बाकीचे अंग वळवतील. डोकं आणि धड एकदम वळलं पाहिजे, लाकडाच्या ओंडक्यासारखं."

ऑपरेशनशिवाय होणार नाही का, हे मी विचारलंच. त्यांनी सरळ उत्तर दिलं, आणि ते मी इथे जसंच्या तसं लिहिते, कारण प्रत्येकाला ऑपरेशन लागतं असा समज होऊ नये. ते म्हणाले, "टीबी औषधांनी बरा होतो, ऑपरेशनने नाही. हाड फारसं खाल्लं गेलेलं नसेल, मणके जागेवर असतील, मज्जारज्जूवर दाब नसेल, तर या जागेचे कितीतरी रुग्ण नुसत्या औषधांवर आणि कॉलरवर बरे होतात. तुमच्या बाबतीत तीन अडचणी आहेत. मणका घसरलाय, मज्जारज्जू दबतोय, आणि हा टीबीच आहे याचा पुरावा अजून माझ्या हातात नाही."

तिसरी अडचण मला आधी नीट कळली नाही. एमआरआय बघून टीबी वाटतो म्हणता, मग औषधं आजच का सुरू करत नाही? त्यांचं म्हणणं असं की मणका पुवाच्या साध्या जंतूंनीही सडतो, त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा सगळ्यात जास्त सापडणारा. क्वचित बुरशी असते. क्वचित संसर्ग नसतोच, गाठ असते. प्रत्येकाचं औषध वेगळं. आणि नमुना घेण्याआधी औषध सुरू केलं तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काही उगवत नाही, मग वर्षभर अंदाजाने औषधं खात बसावं लागतं. माझ्या बाबतीत त्या लिव्होफ्लॉक्सासिनने आधीच थोडा घोळ घातला होता. त्यांनी आणखी दोन दिवस थांबायचं ठरवलं. रोज दोनदा हातापायांची ताकद तपासायची आणि ती कमी होताना दिसली तर थांबायचं नाही, या अटीवर.

साध्या जंतूंचा संसर्ग किती वेगाने जातो ते मी शेजारच्या खोलीत पाहिलं. तिथले आजोबा मधुमेहाचे. पायाच्या जखमेतून जंतू रक्तात गेले आणि मानेत बसले. दुपारी ते माझ्या नवऱ्याशी बोलत होते, संध्याकाळी त्यांचे हात उचलेनात, आणि रात्री दहा वाजता त्यांना ऑपरेशनला नेलं. मज्जारज्जूभोवती पू साठला होता. पुढे त्यांना सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक चाललं. टीबी माझ्या हाडात महिनोन्‌महिने शांतपणे काम करत होता, त्यांच्याकडे सगळं काही दिवसांत झालं.

ऑपरेशनच्या आधी मला ट्रॅक्शन लावलं. कानांच्या थोडं वर, कवटीच्या दोन्ही बाजूंना कातडी बधिर करून दोन टोकदार खिळे बसवतात, कवटीच्या हाडात अगदी वरवर, आणि त्यांना दोरी-पुलीने वजन लावतात. ऐकायला भयंकर वाटतं. बधिर केल्यावर मला फक्त दाब जाणवला, आणि वजन लागल्यावर कानामागचा तो अडीच महिन्यांचा ठणका प्रथमच कमी झाला. मला रडू आलं. सकाळ-संध्याकाळ एक्स-रे काढून अंतर मोजत होते. ८ चं ५ झालं.

संमतीपत्रावर दोन ऑपरेशनं लिहिलेली होती. पहिलं, फक्त पहिला आणि दुसरा मणका स्क्रू आणि रॉडने जोडणं. मुंबईच्या डॉ. अतुल गोयल यांनी या दोन मणक्यांत स्क्रू बसवून ते जोडण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली आणि आज जगभर तिच्या आधारावर हे ऑपरेशन होतं, असं सर्जननी सांगितलं. दुसरं, कवटीपासून तिसऱ्या मणक्यापर्यंत सगळं जोडणं. पहिलं झालं तर नकाराची हालचाल जाणार. दुसरं झालं तर होकाराचीही. पहिल्या मणक्याचं उजवं हाड स्क्रू धरण्याइतकं उरलंय का, ते उघडल्यावरच नक्की कळणार होतं.

मी विचारलं, जिथे पू आहे तिथे धातू कसा घालता? पू झालेल्या जखमेत काही राहू नये, एवढं आपल्याला सगळ्यांना माहीत असतं. ते म्हणाले, टीबीचे जंतू धातूवर फारसे चिकटून राहत नाहीत, त्यावर थर धरत नाहीत, आणि सांधा हलायचा थांबला की हाड भरायला मदत होते. साध्या जंतूंच्या बाबतीतही पू आणि सडलेलं हाड नीट काढून, भक्कम अँटिबायोटिक देऊन टायटॅनियम वापरतात, पण तिथे जास्त जपावं लागतं.

आदल्या संध्याकाळी मानेमागचे केस काढले. दोन्ही कानांच्या वरच्या रेषेपर्यंत. सिस्टरांनी माझी वेणी वर बांधून ठेवली आणि म्हणाल्या, "वरचे केस राहतील, त्यांनी सगळं झाकलं जाईल." त्यांना हे सांगावंसं वाटलं, याचंच मला बरं वाटलं.

ऑपरेशनमधलं मला आठवतं ते एवढंच, आणि ते स्वच्छ आठवतं. सहसा आधी भूल देतात, मग डोकं मागे करून श्वासनळीत नळी घालतात. माझं डोकं मागे करणं म्हणजे मज्जारज्जू चिरडणं. म्हणून नळी जागेपणी घालायची होती. भूलतज्ज्ञ बाईंनी अर्धा तास नाका-घशात औषधाची वाफ दिली, फवारा मारला, जीभ आणि घसा लाकडासारखे झाले. मग बारीक दुर्बीण, तिच्यावर चढवलेली नळी, नाकातून खाली. त्या माझ्या कपाळावर हात ठेवून बोलत होत्या. "छान. मोठा श्वास. अजून एक. आता खोकला येईल, येऊ दे." खोकला आला. मी "झालं का" असं विचारायला लागले आणि "झा" नंतर माझा आवाज नाहीसा झाला. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. नळी स्वरयंत्रातून पलीकडे गेली होती. "आता बोलता येणार नाही, घाबरू नका. हाताची बोटं हलवा. पायाची हलवा." मी हलवली. सगळी हलली. कुणीतरी मोठ्याने "चारही" असं म्हणालं. त्यानंतरचं काही आठवत नाही.

पुढचं मला नंतर सांगितलेलं. आधी तोंड उघडून घशाच्या मागच्या भिंतीतून सुईने पू काढला, साधारण २५ मिली. तो तिथल्या तिथे वेगवेगळ्या बाटल्यांत विभागला गेला: साधं कल्चर, टीबीचं कल्चर, बुरशी, आणि टीबीची झटपट तपासणी, जीनएक्सपर्ट. मग मला पालथं केलं, डोकं तीन टोकांच्या चिमट्यात पक्कं धरलं. हातापायांत सुया लावून मेंदूकडून निरोप खाली पोचतात का हे यंत्रावर सतत बघत होते. मानेमागून उघडलं. उजवीकडचं हाड स्क्रू धरेना.

जाग आली तेव्हा नळी तशीच होती. घशाला सूज होती म्हणून ती एक रात्र ठेवणार, हे आधीच सांगितलेलं. कित्येक तास पालथं झोपवल्यामुळे चेहरा सुजला होता, डोळे जेमतेम उघडत होते. मी हाताने लिहिण्याची खूण केली. सिस्टरांनी पाटी आणली आणि हातात पेन दिला. मी न बघता लिहिलं. ती पाटी नवऱ्याने मोबाइलवर टिपून ठेवलीय: अक्षरं एकमेकांवर चढलेली, शिरोरेषा नाही. लिहिलं होतं, "डोकं पण?"

सर्जन पलंगाशी वाकून, माझ्या डोळ्यांसमोर येऊन म्हणाले, "हो. डोकं पण. कवटी ते तिसरा मणका. पण मणका जागेवर आलाय, दाब गेलाय, आणि तुमचे हात आहेत तसे आहेत."

मी पाटी पुसायला सांगितली. पुन्हा काही लिहिलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी जीनएक्सपर्टचा रिपोर्ट आला होता. नमुना यंत्रात घातल्यावर सुमारे दोन तासांत तो टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, दोन्ही सांगतो. टीबी होता. औषध लागू पडणार होतं. कल्चरची वाट पाहायला सहा आठवडे लागले आणि त्यातही तेच निघालं. दुसऱ्या दिवसापासून चार औषधं सुरू झाली: आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल.

मान दुखेल याची तयारी होती. दुखली कंबर. जोडलेल्या मणक्यांवर पसरायला माझ्याच कमरेच्या हाडाचे तुकडे घेतले होते, कारण स्क्रू आणि रॉड कायमचा भार घेत नाहीत. ते हाड धरेपर्यंत सगळं जागेवर ठेवतात. नवं हाड पुलासारखं धरलं पाहिजे, नाहीतर कधीतरी धातूही ढिला होतो. ती कमरेची जखम मला तीन आठवडे चालताना जाणवत होती. मानेची जखम त्यामानाने सोपी गेली. डोक्याच्या मागचा भाग मात्र बधिर झाला. कंगवा फिरवला की दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावरून फिरतोय असं वाटायचं. ते आता पुष्कळ कमी झालंय, एक पट्टा उरलाय.

नळी निघाली तरी पाच दिवस नाकातल्या नळीतूनच पोटात अन्न जात होतं. गिळणं पुन्हा शिकावं लागलं. थेरपिस्ट बाई एकेक चमचा देत आणि गळ्यावर बोटं ठेवून तो उतरतोय का ते बघत. पाणी सगळ्यात अवघड असतं आणि घट्ट पदार्थ सोपा, हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी आल्यावरचे तीन महिने कॉलरचे. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कॉलरखालची कातडी रोज, झोपूनच, कुणीतरी डोकं धरून ठेवलेलं असताना पुसायची आणि कोरडी करायची, एवढं मात्र चुकवू नका. माझ्या हनुवटीखाली दुसऱ्या आठवड्यात लाल झालं तेव्हा लगेच कळलं म्हणून जखम झाली नाही.

औषधांबद्दल लिहायला हवं, कारण खरा आजार त्यांनी गेला आणि लोक ऑपरेशन संपलं की सगळं संपलं असं धरतात. पहिल्या दिवशी लघवी केशरी-लाल झाली. ते रिफाम्पिसिनने होतं, त्याने घाबरायचं कारण नाही. पायराझिनामाइड चालू असेपर्यंत गुडघे आणि घोटे दुखायचे. इथॅम्ब्युटॉलमुळे क्वचित डोळ्यांच्या नसेवर परिणाम होतो, आधी लाल-हिरव्या रंगांतला फरक कळेनासा होतो. म्हणून सुरुवातीलाच डोळे तपासले आणि मी रोज सकाळी एकाच लाल कपड्याकडे एकेका डोळ्याने बघायची सवय लावून घेतली. यकृताची तपासणी ठरावीक दिवसांनी. कोर्स १२ महिन्यांचा ठरला होता. बाराव्या महिन्याच्या एमआरआयमध्ये हाडात अजून थोडी सूज दिसली म्हणून तो १८ वर गेला. त्या दिवशी मी खचले. ऑपरेशनच्या वेळीही इतकी खचले नव्हते. आणखी सहा महिने रोज सकाळी उपाशी पोटी तो गोळ्यांचा मूठभर ढीग.

लोक भेटायला कचरत होते, तेही सांगते. माझ्या छातीचा फोटो स्वच्छ होता, खोकला नव्हता. मणक्यातला टीबी श्वासातून दुसऱ्याला होत नाही. हे मी प्रत्येकाला सांगत बसले नाही, पण माझ्या धाकट्या मुलीच्या मैत्रिणीच्या आईला फोन करून सांगितलं, कारण मुलीला त्याचा त्रास होत होता. त्या बाई दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या.

आता रोजच्या जगण्याविषयी. माझी मान हलते, कारण तिसऱ्याच्या खालचे मणके मोकळे आहेत. पण पायऱ्या उतरताना पायाखालची पायरी दिसत नाही. कठडा धरून, पाऊल टेकून, खात्री करून उतरते. ग्लासातलं शेवटचं पाणी डोकं मागे करून पिता येत नाही, म्हणून स्ट्रॉ. पुस्तक मांडीवर ठेवून वाचणं संपलं, ते डोळ्यांच्या उंचीवर स्टँडवर असतं. डोळ्यांत औषध घालायचं तर आडवं व्हायचं. मागून हाक आली की सगळं अंग वळवते. दुचाकी सोडली. आरसे लावून चालवता येईल असं काहींनी सुचवलं, मला ते सुरक्षित वाटलं नाही. डोकं कोणत्या कोनात जोडायचं हे ऑपरेशनच्या टेबलावरच ठरतं आणि नंतर बदलत नाही. थोडं जास्त खाली जोडलं गेलं तर गिळायला आणि श्वासालाही अडचण होते. माझी नजर सरळ समोर आहे. सर्जननी त्या कोनासाठी ऑपरेशनमध्ये तीनदा एक्स-रे काढून रॉड पुन्हा वाकवला होता, असं त्या तरुण डॉक्टरने मला सांगितलं. मी समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलू शकते ते त्या तिसऱ्या वेळच्या वाकवण्यामुळे.

संमती देताना मुद्दाम घोकून घेतलेली गोष्ट अशी, की मान डोलावून "हो" म्हणायची सवय आता सोडावी लागेल. मी तोंडाने म्हणते. सुरुवातीला समोरच्याला वाटायचं मी चिडून उत्तर देतेय. घरच्यांना सवय झाली.

अठराव्या महिन्यात सीटी स्कॅनवर कवटीपासून तिसऱ्या मणक्यापर्यंत हाडाचा सलग पांढरा पट्टा दिसला. एमआरआय शांत होता. गोळ्या थांबल्या. हातांची ताकद पूर्ण परत आली. मान खाली घालताना बसणारा तो झटका गेला. उजव्या हाताच्या दोन बोटांत थोडा जडपणा राहिलाय, थंडीत जास्त जाणवतो.

निघताना भूलतज्ज्ञ बाईंनी एक काम सांगितलं होतं, ते मी त्याच आठवड्यात केलं. पुढे कधी मला अपघात झाला, बेशुद्धावस्थेत कुठे नेलं, किंवा पोटाचं साधं ऑपरेशन निघालं, तर समोरच्या डॉक्टरांना माझी मान बाहेरून ओळखू येणार नाही. व्रण केसांखाली आहे. ते नेहमीप्रमाणे डोकं मागे करून नळी घालायला जातील, आणि ती जाणार नाही. म्हणून मोबाइलच्या कव्हरमध्ये मागे एक छोटं कार्ड आहे, पर्समध्ये एक, आणि एक नवऱ्याच्या पाकिटात. त्यावर माझा रक्तगट आहे, ऑपरेशनची तारीख आहे आणि खाली ठळक अक्षरांत बाईंनी सांगितलेल्या दोन ओळी: "कवटी ते मानेचा तिसरा मणका टायटॅनियमने जोडलेला आहे. डोकं मागे वाकत नाही, जोर लावू नये. श्वासनळीत नळी दुर्बिणीनेच घालावी."